कोमलचा रिपोर्ट चांगला आला

१४ ऑक्टोबर, सोमवार

कोमल आज काठीशिवाय चालली.

पुण्याच्या हॉस्पिटलच्या त्या लांब पॅसेजमध्ये, सगळ्यांदेखत. तिचा नवरा पवन मागे दोन्ही हात पसरून, पडली तर धरायला. पडली नाही. ड्रेसिंगच्या सिस्टरने टाळ्या वाजवल्या. मी बाकावर, काठी मांडीवर आडवी. मीही वाजवल्या. न वाजवून काय करणार?

आम्हा दोघींचं ऑपरेशन एकाच आठवड्यात झालं. दोघींच्या टाचेखाली काळा डाग. मला वाटलं कुरूप आहे, तिला वाटलं शेतात काटा मोडलाय. कातडीचा कॅन्सर तळपायालाही होतो हे आम्हाला कोण सांगणार? दोघींची टाच कापली, मांडीची कातडी काढून तिथे लावली. दोघींची जांघेतली एक गाठ काढून तपासली, दोघींची स्वच्छ निघाली. दोघींची दुसरी स्टेज. खाटा शेजारी शेजारी. सिस्टर आम्हाला जुळ्या म्हणायच्या.

मग तिची कातडी धरली आणि माझी एका कोपऱ्यात काळी पडली. संपलं जुळेपण.

डॉक्टर बाई म्हणतात, वयाचाही फरक असतो, हर्षदाताई. ती तेहतीसची, मी चव्वेचाळीसची. वयाची आठवण करून दिल्याबद्दल आभार.


१७ ऑक्टोबर, गुरुवार

कामावर परत. खंडाळ्याच्या हॉटेलात मी हाउसकीपिंगची सुपरवायझर — म्हणजे होते. चार मजले चढउतार आता जमणार नाही म्हणून मॅनेजरने लिननच्या खोलीत बसवलंय. चादरी मोजायच्या, डागाच्या बाजूला काढायच्या. सगळे फार गोड बोलतात. कोणी माझ्या पायाकडे बघत नाही, म्हणजे सगळे बघतात.

कोमलचा फोन आला होता. तिचं गाव नवलाख उंबरे, त्याच्या जवळच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, तिथे तिला परत घेतायत. उभ्याचं काम. "ताई, तुमचं कसं काय?" मी म्हटलं, मस्त.


३१ ऑक्टोबर, गुरुवार

दिवाळीचा फराळ विकत आणला. माझा नवरा आदिनाथ म्हणाला, बरंय की, चव चांगली आहे. तेवढ्यात कोमलने फोनवर फोटो पाठवला — करंज्यांचं ताट, आणि ती स्वतः चुलीपुढे उकिडवी बसलेली. उकिडवी! टाचेवर!

फोटोला अंगठा दाखवून फोन उलटा ठेवला.


११ नोव्हेंबर, सोमवार

आज डॉक्टर बाईंनी दोघींना एकत्र बसवून समजावलं. ऑपरेशनच्या वेळी आम्ही एका अभ्यासासाठी सह्या केल्या होत्या, त्याबद्दल.

जेवढं कळलं तेवढं लिहून ठेवते. कापून काढलेल्या डागाचा तुकडा मेणात बसवून जपून ठेवलाय. त्याच्या पातळ चकत्या काढतात, काचेवर घेतात, त्यावर रंग चढवतात. पेशींमध्ये काही प्रथिनं असतात. शोधतायत ते प्रथिन जिथे असेल तिथे तपकिरी रंग धरतो, नसेल तिथे नाही. कुठलं प्रथिन किती पेशींत आहे, कुठलं असायला हवं होतं आणि नाही, हे सगळं एकत्र करून आजार उलटण्याचा धोका जास्त की कमी ते ठरवतात. कारण एकाच स्टेजच्या दोन बायकांचं पुढे एकसारखं होत नाही. एकीला काही होत नाही, दुसरीला दोन वर्षांत फुप्फुसात निघतं. वरून बघून कळत नाही.

हे म्हणताना बाईंनी दोन बोटं वर केली होती. एक बोट कोमल, एक मी. कुठलं कोणाचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण मी मनात लगेच ठरवलं.

मी विचारलं, खात्री किती? त्या म्हणाल्या, "हा अंदाज आहे. बऱ्याच जणींच्या बाबतीत बरोबर येतो, सगळ्यांच्या नाही. कमी धोका आला म्हणून सुटलात असं समजायचं नाही."

कोमल मान डोलावत होती. तिला कितपत कळलं कोण जाणे. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, आपल्या दोघींचं बी चांगलं येऊंदे." मी हो म्हटलं. पण मनात काय आलं ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार — मनात आलं, एकीचंच येणार असेल तर माझं येऊ दे.


२५ नोव्हेंबर, सोमवार

जास्त धोका. मी.

आधी मला आत बोलावलं. आदिनाथ ड्युटीवर, मी एकटी. बाईंनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. मीच म्हटलं होतं, मला बघायचंय. निळसर जमीन आणि त्यावर सगळीकडे तपकिरी. पांढऱ्या चादरीवर कोणी चहाची किटली उपडी केल्यासारखं. माझ्या हॉटेलात अशी चादर आली तर मी बाजूला काढते. दुसऱ्या एका काचेवर उलट — तिथे रंग हवा होता, आणि कोरं. बाई म्हणाल्या, हे प्रथिन राखणदारासारखं असतं, तुमच्यात ते फार कमी आहे.

पुढचं सगळं त्यांनी नीट सांगितलं. दर तीन महिन्यांनी जांघेची सोनोग्राफी, अधूनमधून पूर्ण स्कॅन. स्वतःच्या हाताने जांघ कशी चाचपायची ते दाखवलं. मऊ असेल, सरकत असेल तर बहुतेक वेळा काही नसतं. टणक, जागेवर बसलेली गाठ लागली तर त्याच दिवशी फोन.

बाहेर आले. कोमल आत गेली. मी थांबायला नको होतं, पण थांबले.

दार उघडलं आणि तोंड बघूनच कळलं. "ताई, माझं कमी धोक्यात आलं! सहा महिन्यांनी दाखवायचं फकस्त." पवनने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, तिथेच, सगळ्यांसमोर. मग तिने माझ्याकडे बघितलं.

वा, म्हटलं. अगदी स्पष्ट ऐकू येईल असं म्हटलं.


२६ नोव्हेंबर, मंगळवार

तिचा राखणदार जागा आहे. माझा नाही.


१ डिसेंबर, रविवार

तुंगार्लीच्या तळ्यापर्यंत चालत गेले. जाताना ठीक, येताना टाच पेटली. बंधाऱ्यावर पुण्यामुंबईची पोरं फोटो काढत होती. एकीने माझ्या हातात मोबाईल दिला, काकी आमचा काढा ना. काढला. सगळ्यांचे पाय चांगले.

विचार करत होते, मला नेमका हेवा कशाचा वाटतो? तिचं घर माझ्यापेक्षा मोठं नाही. शिक्षण दहावी. सकाळी शेत, मग कारखाना, मग सासू. एरवी मी तिच्याकडे वळूनही बघितलं नसतं. वॉर्डात पहिल्या दिवशी ती मला विचारत होती, ताई हा नळ कसा चालू करायचा. मीच दाखवलं. मी तिला सगळं दाखवत होते — लिफ्ट, एक्स-रे, चांगला चहा कुठे मिळतो. मोठी बहीण! ते मला आवडत होतं. मग ती पुढे निघून गेली आणि मी मागे राहिले, आणि तरी ती ताई म्हणायचं सोडत नाही.

आणि पवन. ऑपरेशननंतर तो तिला पाठीवर घेऊन जिना उतरला, लिफ्ट बंद होती तेव्हा. मला लिफ्ट सुरू होईपर्यंत तासभर बसावं लागलं. आदिनाथ काही वाईट नाही. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर देणारी इंजिनं चालवतो तो, वेळीअवेळी ड्युटी, आणि स्वभावच अबोल. रिपोर्टचं सांगितलं तेव्हा ऐकून घेतलं, ताटातलं संपवलं, माझं ताट उचलून घासायला घेतलं. कधी घासत नाही. मला रडायला हवं होतं आणि हा भांडी घासतोय.

हे लिहून बरं वाटलं का? नाही.


२२ डिसेंबर, रविवार

नवलाख उंबऱ्याला गेलो होतो, दोघंही. कोमलने फारच आग्रह केला. नवा इंद्रायणी निघालाय, ताई आल्याबिगर घरात शिजवायचा न्हाई. आदिनाथला सुट्टी होती, तो म्हणाला जाऊ या. मला कारण सापडेना.

कंपन्यांच्या भिंती संपल्या की एकदम त्यांची खाचरं लागतात. भात कापून झालेला, धसकटं उरलेली. घर पत्र्याचं, पण पुढे स्लॅब पडतोय. अंगण सारवलेलं. सासू सरुबाई उंबऱ्यात उभ्या. मला वाटलं होतं सासू खाष्ट असेल. कुठली? जेवण झाल्यावर त्या म्हातारीने घमेल्यात कोमट पाणी आणलं, कोमलचा पाय त्यात धरला, कडेने तेल लावलं. सुनेचा पाय! आणि कोमल मोबाईलवर काहीतरी बघत, सवयीची असल्यासारखी.

आमच्या सासूबाई माझं ऐकल्यावर म्हणाल्या होत्या, आपल्या घरात असलं कोणाला नव्हतं.

भात इतका सुगंधी की आदिनाथने तीनदा मागून घेतला. मग सरुबाईंनी मला विचारलं, तुमचा रिपोट कसा आला? मी घास गिळेपर्यंत कोमलच म्हणाली, "त्यांचाबी चांगलाच हाय, आत्या. माझ्यावानीच."

माझ्यावर दया! माझ्यासाठी खोटं बोलली ती, स्वतःच्या सासूशी. मी हसले. हातातला घास ताटातच ठेवला. चिडून कोणी मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

निघताना पिशवीभर तांदूळ दिले. नको म्हटलं तरी आदिनाथने घेतले. रस्त्यात म्हणाला, माणसं चांगली आहेत. मी खिडकीतून बघत होते. चांगली आहेत, तेच तर.


१५ जानेवारी, बुधवार

पहिली सोनोग्राफी. थंडगार जेल. पडद्यावर राखाडी ढग. तो डॉक्टर इतका वेळ काही बोलेना की मी मनात सगळं आवरून ठेवलं, कपाटाच्या चाव्यांसकट. मग म्हणाला, काही नाही, जा.

पुढची एप्रिलमध्ये. तोपर्यंत सुट्टी नाही, नुसती तारीख.

कोमलला मेपर्यंत कोणी बोलावणार नाही. ती काय करते सकाळी उठल्यावर? मी उठल्यावर आधी जांघ चाचपते, मग दात घासते.


१६ फेब्रुवारी, रविवार

कोमल आली होती. एकटी. बाजाराला आले म्हणाली, पण हातात पिशवी नव्हती. नवलाख उंबऱ्याहून बाजाराला कोणी लोणावळ्याला येतं का? तळेगाव जवळ.

आदिनाथ ड्युटीवर. चहा केला. ती कपाशी खेळत राहिली. मग म्हणाली, जरा आत चला. आत गेल्यावर साडी वर घेतली, माझा हात धरला आणि जांघेवर नेऊन ठेवला. "हितं. बघा बरं. मला काय तरी लागतंय. घरी कुनाला बोलले न्हाई."

लागलं. एवढी शोधायचीही गरज नव्हती. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. टणक. मी बोटाने सरकवून बघितली. सरकली नाही.

मला माहीत होतं. मलाच तर शिकवलंय. त्याच दिवशी फोन करा, बाईंनी सांगितलंय. कोमलला असं कोणी बसवून शिकवलेलं नाही, ती कमी धोक्याची.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी म्हटलं, "पायाला एवढी जखम झाली की येतात अशा गाठी. काही नाही. तुझा रिपोर्ट तर चांगला आहे ना?"

असंच म्हटलं. 'तुझा' वर जोर देऊन.

तिने लांब श्वास सोडला. मग हसली. मग बराच वेळ बसली, शेजारणीच्या म्हशीचं वगैरे सांगत. जाताना पाया पडली. मी पाय मागे घेतला.


१७ फेब्रुवारी, सोमवार

जखम असली की येतात गाठी. खरंच येतात. मी काही खोटं बोलले नाही.


२० फेब्रुवारी, गुरुवार

बोलले.

मला ती मरायला नको आहे. हे मी शपथेवर लिहू शकते. मग काय हवं होतं? ती माझा हात धरून उभी होती, घाबरलेली, आणि मला राग आला. एवढंच आठवतंय. वाटलं, हिला टाच मिळाली, नवरा मिळाला, सासू मिळाली, रिपोर्ट मिळाला. भीती तेवढी माझी होती. तीसुद्धा हिला हवी? माझ्या घरी येऊन?

बस. आता तिला फोन करते.

केला नाही. हॉटेलात लग्नाची पार्टी उतरली आहे, शंभर चादरी, वेळ मिळाला नाही. हे कारण लिहिताना मलाच लाज वाटते.


२ मार्च, रविवार

तिचा मेसेज. पुढच्या स्लॅबवर उभी, फोटो. 'ताई स्लॅब पडला या बघायला.' ठणठणीत दिसते. असेल जखमेचीच. मी काय डॉक्टर आहे?


१४ मार्च, शुक्रवार

काल होळी. आज सकाळी आदिनाथ ड्युटीवरून आला, अंघोळ केली, आणि मी त्याला सांगितलं. कसं सुरू केलं आठवत नाही. पोळी तव्यावर करपली तेव्हा कळलं मी रडतेय.

सगळं सांगितलं. गाठ, सरकली नाही ते, मी काय म्हटलं ते. का म्हटलं तेही. त्याला हेव्याचं काही कळेल असं वाटलं नव्हतं. तो गॅस बंद करून समोर बसला. मला वाटलं आता बोलेल, कधी नव्हे ते बोलेल, आणि मला ऐकून घ्यावं लागेल.

"किती दिवस झाले?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, महिना होत आला. तो उठला, शर्ट घातला.

"चल. नाही, आज रस्त्यावर पोरं रंग उडवत असतील. उद्या सकाळी निघू. आज तिला फोन करून सांग, उद्या येतोय."

फोन मी केला. काय काम आहे ते सांगता आलं नाही. ती म्हणाली, या की, विचारता काय!


१५ मार्च, शनिवार

सकाळी गेलो. पवन कामावर निघालेला, आम्हाला बघून थांबला. सरुबाई दारात हरभरा सोलत होत्या. कोमल परड्यात. मी तिला आत नेलं आणि म्हटलं, पुन्हा बघू दे.

मोठी झालीय. आता वाटाणा नाही. शेजारी आणखी एक.

बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, सोमवारी पुण्याला जायचं, मी येते बरोबर. पवनला काही कळेना. "आवो ताई, पन रिपोट चांगला हाय की तिचा. डॉक्टरीनच म्हनली." त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती. जणू रिपोर्ट मी बदलणार होते.

मी म्हटलं, "पवन, हिने मला गेल्या महिन्यात दाखवली होती गाठ. तेव्हाच मी न्यायला हवं होतं. मला कळत होतं."

सरुबाईंच्या हातातला हरभरा तसाच राहिला. पवन माझ्याकडे बघत होता आणि मला वाटलं, आता हाकलून देईल. द्यायला हवं होतं. कोमल मध्येच म्हणाली, तिच्या त्या साध्या आवाजात, की ताईंना काय म्हाईत, त्या काय डॉक्टर हायेत? माझंच वाक्य. मी ते फक्त इथे लिहिलं होतं, तिला कधी म्हटलं नव्हतं.


१७ मार्च, सोमवार

हॉस्पिटल. डॉक्टर बाईंनी हात लावला आणि लगेच वर बघितलं. विचारलं, कधीपासून आहे? मी तोंड उघडलं. कोमल आधी बोलली — झाले असतील आठ-पंधरा दिवस.

मी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

सुईने पाणी काढून तपासायला दिलं. मी बाईंना पॅसेजमध्ये गाठून महिन्याचं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत, उपचारांना उपयोग होतो. मग मी विचारलं, मग तो रिपोर्ट? ती प्रथिनं? त्या थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, कमी धोक्याच्या गटातही काही जणी असतात ज्यांचा आजार उलटतो. म्हणूनच अभ्यास चालू आहे. नेमक्या कोणत्या त्या आम्हाला अजून ओळखता येत नाही.


२४ मार्च, सोमवार

आहे. त्या गाठीत तोच आजार आहे.

पवनने मला फोनवर सांगितलं. शिव्या दिल्या नाहीत. म्हणाला, पुढच्या वेळी तुमी बरोबर या, तिला तुमच्याशिवाय डॉक्टरचं समजत न्हाई.


९ एप्रिल, बुधवार

ऑपरेशन झालं. जांघेतल्या सगळ्या गाठी काढल्या. तिसरी स्टेज. फुप्फुस आणि यकृत स्वच्छ आहे, बाकी कुठे नाही. एवढं चांगलं.

महिनाभर आधी काढली असती तर एकच गाठ असती का? बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. त्या पुन्हा तेच म्हणाल्या. त्यांचा अंदाज मला हवा होता, आणि आज त्यांच्याकडे अंदाज नव्हता.

कोमल शुद्धीवर आली तेव्हा भोवती सगळे. पवन, सरुबाई, माहेरचे. हॉस्पिटलच्या दोन डॉक्टर पोरी तिच्या केसबद्दल बोलत होत्या, हिचा तुकडा पुन्हा तपासायला हवा, ही अभ्यासात महत्त्वाची. मी दाराशी उभी. आणि खरं लिहायचं तर — आताही, ह्या अवस्थेतही — एक क्षण वाटलं, आता सगळे हिलाच बघतात.

मी काय माणूस आहे?


१६ एप्रिल, बुधवार

माझी सोनोग्राफी. स्वच्छ. पूर्ण स्कॅन, तोही स्वच्छ. टाचेचा काळा कोपरा भरून आलाय, बाई म्हणाल्या काठी सोडा आता.

सोडली. पॅसेजमधून चालले. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, आणि बरंच झालं.

वॉर्डात जाऊन कोमलला सांगितलं नाही. तिनेच विचारलं, स्कॅन कसा आला? मी म्हटलं, ठीक. तिने माझा हात दाबला आणि खरीखुरी खूश झाली. मला ते बघवलं नाही. मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.


४ मे, रविवार

कोमल घरी आल्यापासून नवलाख उंबऱ्याला तिसऱ्यांदा. आता मी दर रविवारी जाते. सरुबाई पाय शेकतात, मी भाजी निवडते. पाय सुजतो तिचा, जांघेतल्या गाठी काढल्या की सुजतो. पट्टी कशी बांधायची ते मी शिकून घेतलंय. सुरुवातीला वाटलं प्रायश्चित्त करतेय. आता तसं वाटत नाही, नुसतं जाते. पवन अजून माझ्याशी थोडक्यात बोलतो. बरोबर आहे त्याचं.

१२ पासून इंजेक्शनं सुरू. शरीराच्या स्वतःच्या पेशींना जागं करून आजारावर सोडतात म्हणे. कोणाला लागू पडेल त्याचाही अंदाज प्रथिनांवरून बांधतात. कोमल म्हणाली, आता अंदाज नको, नुसतं द्या.


१२ मे, सोमवार

पहिलं इंजेक्शन. सलाइन चालू, पवन खाली चहाला गेलेला. मी खुर्चीत. तिचे डोळे मिटलेले, मला वाटलं झोपली. तसेच मिटलेले ठेवून ती म्हणाली,

"ताई, तुमी माझ्यावर जळता ते मला वार्डातच कळलं हुतं. म्हनून तर गाठ तुमाला दावली. घरचे समदे धीरच देनार. म्हनलं, ह्यांना माझं वाईट सांगाया जड न्हाई जायचं. आन् तुमी बी म्हनलात काय न्हाई — मग मी पार निश्चिंत झाले."